साडूचं 'टाकीमागे कोण?' आणि माझा दुसरा भाग

भयपट काढायला अक्कल लागत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. लागत असती, तर माझ्या साडूनं काढला असता का?

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. आवाज इतका मऊ, की पेशंटनं दाढ आपणहून उपटून त्याच्या हातात द्यावी! दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालणाऱ्या या गृहस्थाला गेल्या वर्षी काय अवदसा आठवली कोण जाणे. त्यानं स्वतःच्याच घरात चार मोबाइल लावून अर्ध्या तासाचा भयपट काढला. नाव, 'टाकीमागे कोण?'

प्रकार असा, की एक कुटुंब घरात राहायला येतं, घरात भूत निघतं, कुटुंब गायब होतं आणि मागे उरतो फक्त त्यांचा कॅमेरा. आपण बघायचं ते त्या सापडलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण. म्हणजे सगळं हललेलं, तिरकं आणि निम्मं अंधारात! आमच्या लग्नाचा व्हिडिओ असाच निघाला होता, तेव्हा कॅमेरावाल्याला घरच्यांनी हाकलून द्यायचं बाकी ठेवलं होतं. साडूला मात्र शहरातल्या हौशी चित्रपटांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस!

त्या चित्रपटात मीही होतो. पायांपुरता. पलंगाखालून दिसणारे प्रेताचे पाय माझे होते. चाळीस मिनिटं गार फरशीवर पडून होतो मी! चित्रपट संपल्यावर बायकोला विचारलं, "कसे वाटले?"

"कोण?"

"पाय!"

"ते तुमचे होते? मला वाटलं, भाऊजींनी कुणीतरी चांगला नट आणला."

त्या दिवसापासून आमच्या घरात 'भाऊजी' या शब्दाला ऊत आला. नळ गळला, "भाऊजी असते तर दोन मिनिटांत केला असता." माझा फोटो हलला, "भाऊजींचा हलतो तेव्हा कसा मुद्दाम हलवल्यासारखा वाटतो." सासूबाईंनी तर बक्षिसाची ढाल स्वतःच्या घरी दिवाणखान्यात नेऊन ठेवली. आमच्या लग्नाचा फोटो होता त्या जागी. फोटो कुठे गेला, विचारलं, तर म्हणाल्या, "आहे की जावईबापू, फ्रिजवर!"

मला जळायची सवय नाही हो. पण फ्रिजवर?

यंदा स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा आम्ही सगळे सासूबाईंकडे जेवायला जमलो होतो. साडू हळूच म्हणाले, "दुसरा भाग काढा म्हणतात लोक. पण मला काही सुचत नाहीये."

"मी काढतो!" मी म्हणालो.

सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन कुणाचे तरी दात काढायची परवानगी मागितली होती.

"अरे वा!" साडू म्हणाले. "जरूर काढा. काही मदत लागली तर सांगा हं, भाऊ."

हे त्यांचं मला सगळ्यांत झोंबतं. माणसानं निदान चिडावं की नाही? समोरचा चिडला की आपल्याला बरं वाटतं. हे गृहस्थ मदत करायला निघतात!

"मदत लागणार नाही," मी म्हणालो.

आता माझ्याकडे एक गोष्ट होती, जी साडूंकडे नव्हती. घर! मी घरं विकणाऱ्या कंपनीत काम करतो. माझ्या टेबलाच्या खणात एका दुमजली रिकाम्या घराची किल्ली तीन वर्षं पडून होती. ते घर विकलं म्हणून जात नव्हतं. जिना अरुंद, वरची खोली काळोखी, भिंतीतलं कपाट आपोआप उघडायचं. साहेबांनी मला बजावलं होतं, "या महिन्यात ते घर गेलं नाही, तर तुम्ही जा!" साहेबांना ज्यात खोड दिसत होती, त्यात मला बक्षीस दिसत होतं.

रविवार ठरवला. वेळ सकाळची, कारण बायकोला दुपारी झोप लागते आणि रात्री मला. खिडक्यांना काळं कापड लावलं की झाली रात्र! भूत म्हणून ऑफिसातल्या 'टाचणी'ला घेतलं. ती इतकी बारीक आहे, की दाराच्या फटीतून फाइल सरकवण्याऐवजी स्वतःच आत येईल असं वाटतं. तिनं एकच अट घातली, "सर, मला संवाद हवा."

"भूत बोलत नाही गं!"

"मग मी नाही."

शेवटी 'निघून जा' एवढा एक संवाद दिला.

नायिका अर्थात बायको. ती म्हणाली, "करते. पण भाऊजींना एकदा कागद तरी दाखवा."

"त्या माणसाचं नावही त्या घरात निघता कामा नये!"

"बरं," ती म्हणाली. आमची बायको 'बरं' म्हणते तेव्हा नवख्या माणसाला तो होकार वाटतो. लग्नाला चौदा वर्षं होऊनही मी नवखाच.

शनिवारी संध्याकाळी ती गच्चीत फोनवर कुजबुजताना दिसली. मी जाताच फोन बंद.

"कोण होतं?"

"ताई."

"ताईशी एवढं हळू?"

"ताईचा घसा बसलाय," ती म्हणाली. ताईचा घसा बसल्यावर हिनं का हळू बोलावं, हे मला कळलं नाही.

रविवारी दहाला आम्ही त्या घरात. मी चार मोबाइल लावले. एक हॉलमध्ये, एक जिन्यात, एक स्वयंपाकघरात आणि एक वरच्या खोलीत. पाचवा कॅमेरा माझ्या हातात. (वरच्या खोलीतला मोबाइल मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, हे नंतर उघडकीस आलं. दोन तास भिंत! तीही पोपडे आलेली.)

टाचणीला पावडर फासली. सबंध डबा संपला. ती शिंकली की खोलीत ढग तयार व्हायचा आणि दोन मिनिटं चित्रीकरण थांबवावं लागायचं. खुर्ची आपोआप सरकावी म्हणून मी तिला नायलॉनची दोरी बांधली होती. दोरी ओढली, तर खुर्ची जागेवरच आणि खुर्चीचा पाय तेवढा माझ्याकडे आला! दाराला बांधलेली दोरी ओढली, तर कडी निघून कपाळावर बसली.

"दार आपटत का नाहीये?" मी ओरडलो.

"ओलाव्यानं फुगलंय ते," बायको म्हणाली. "भाऊ..."

"काय म्हणालीस?"

"भावनेच्या भरात ओढू नका, म्हटलं!"

टाचणीचा एकुलता एक संवाद आला. जिन्यावर उभी राहून तिनं हात पसरले, केस मोकळे सोडले आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "निघून जाता का, सर?"

मी डोकं धरून पायरीवर बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला साडूंचा भयंकर हेवा वाटला. त्या माणसाच्या घरातली खुर्चीसुद्धा त्याचं ऐकते!

"मी स्वयंपाकघरातून पाणी आणते," बायको म्हणाली आणि गेली. ती गेली ती पंधरा मिनिटं आलीच नाही. मी टाचणीला 'निघून जा' मधला राग समजावत बसलो होतो. तिला राग येईना. मग मी म्हणालो, "तुझी वार्षिक रजा साहेबांनी नामंजूर केली असं समज." तेव्हा कुठे जरा जमायला लागलं.

आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर दार आपटलं.

असं आपटलं, की जिन्याचा कठडा थरथरला! मी आनंदानं उडालो. "शाब्बास, टाचणी! अस्संच!"

"सर," माझ्या शेजारून टाचणी म्हणाली, "मी इथे आहे."

मग वर पावलं वाजली. सावकाश. एक... दोन... तीन. आणि थांबली. बरोबर आमच्या डोक्यावर.

बायको स्वयंपाकघरातून आली. हातात पाणी नव्हतं. "अहो, वर कुणीतरी आहे!"

"मांजर असेल," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"मांजर बूट घालून?" टाचणीनं विचारलं.

आता बायकोसमोर मागे हटायचं कसं? साडू इथे असते तर मऊ आवाजात 'मी बघतो' म्हणून वर गेले असते आणि पुढची दहा वर्षं सासरी त्याची गोष्ट झाली असती! मी कॅमेरा एका हातात घेतला, फरशी पुसायचं वायपर दुसऱ्या हातात घेतलं आणि जिना चढू लागलो. एकेक पायरी म्हणजे एकेक वर्ष वाटत होतं. वर पोचेस्तोवर मी निवृत्तीच्या वयाला आलो.

वरच्या खोलीत काळोख. खिडकीवरचं काळं कापड जागेवर नव्हतं, पण खिडकीसमोर झाड, त्यामुळे उजेडही नव्हता. मी वायपर पुढे करून म्हणालो, "कोण आहे? मी... मी कंपनीतर्फे आलोय!"

भिंतीतलं कपाट आपोआप उघडलं. आत काळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. साडेपाच फूट. त्यानं हात उचलला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि अत्यंत मऊ आवाजात म्हणालं,

"घाबरू नका."

मी किंचाळलो! इतका वेळ किंचाळलो, की मध्ये एकदा श्वास घेऊन पुन्हा सुरुवातीपासून किंचाळलो. वायपर फेकलं, वळलो आणि जिना उतरलो. उतरलो म्हणजे पाय पायऱ्यांना लागलेच नाहीत. मागून टाचणी "सर, थांबा! सर, थांबा!" करत धावली. मी दरवाजा उघडून बाहेर उडी मारणार, तोच दरवाजा बाहेरून उघडला.

दारात साहेब! शेजारी एक नवरा-बायको, घर पाहायला आलेले गिऱ्हाईक.

गुरुवारी साहेबांनी मला बजावलं होतं, 'रविवारी बारा वाजता दोघंजण येतील, घर झाडून ठेवा.' मी ते लिहूनही घेतलं होतं. पटकथेच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर.

साहेब मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "अतिशय शांत घर आहे, बघा..." आणि आतून मी, कपाळाला टेंगूळ, तोंड उघडं, आवाज चालू! माझ्यामागे पांढरीफटक, केस सोडलेली टाचणी. आणि नेमकी त्याच क्षणी तिला रागाची नस सापडली. साहेबांना बघितल्याबरोबर ती कडाडली,

"निघून जा!"

गिऱ्हाईकबाई पर्स टाकून पळाल्या. त्यांचे यजमान पर्स उचलून पळाले. साहेब मागे सरकता सरकता झुडपात बसले. त्यांनी झुडपातूनच मला सांगितलं, "उद्या या. टेबल रिकामं करायला!"

घरी आल्यावर मी दोन दिवस अंथरुणात होतो. "ते घर झपाटलेलं आहे," मी बायकोला सांगत होतो. "मी स्वतः पाहिलं! त्याचा हात गार होता!"

"असेल हो," ती म्हणायची आणि तोंड फिरवायची. मला वाटायचं, ती रडतेय. तिचे खांदे हलत होते ना!

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, पुरावा शोधायचा. नोकरी गेली तर गेली, पण खरं भूत पकडणारा पहिला माणूस म्हणून तरी नाव होईल. साडूचं भूत खोटं, माझं खरं! बायको बाहेर गेल्यावर मी सगळं चित्रीकरण लावून बसलो. पहिला एक तास माझा अंगठाच होता. मग भिंत. मग स्वयंपाकघर आलं.

स्वयंपाकघरात बायको मागचं दार उघडते. इकडेतिकडे बघते. आणि आत कोण येतं? साडू! रविवारचा धुतलेला शर्ट, चकचकीत बूट. दोघं कुजबुजतात. बायको हसते. अशी हसते, की माझ्या विनोदांवर गेल्या चौदा वर्षांत हसली नसेल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच मोबाइल आपटणार होतो. पण मोबाइल माझाच होता. म्हणून आवाज वाढवला.

"दार आपटत नाहीये, भाऊजी," बायको सांगत होती. "खुर्ची मोडली. ह्यांनी कपाळ फोडून घेतलंय."

"मी मागच्या जिन्यानं वर जातो आणि दोन-तीनदा आपटून देतो," साडू म्हणाले. "त्यांना वाटेल, दोरीनं आपटलं. सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगू? पण भाऊजी, ह्यांची चेष्टा मात्र करायची नाही. पंधरा दिवस जेवताना, आंघोळ करताना, झोपेत, सारखं तेच चाललंय. एवढा जीव लावून काही करताना मी ह्यांना पहिल्यांदाच बघतेय. मला फार आवडतंय ते."

मी तो तुकडा परत लावला. मग परत. पाच वेळा ऐकला. रागवायचं होतं, पण नेमकं कुठून सुरुवात करायची ते सापडेना.

बायको आली तेव्हा मोबाइल तिच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

तिनं पाहिलं. "स्वयंपाकघर."

"आणि हा माणूस?"

"भाऊजी."

"म्हणजे कपाटातही..."

"मी नायिका म्हणून 'वर कुणीतरी आहे' म्हटलं, तर तुम्ही खरंच वर निघालात. मग ते कुठे जाणार? लपले बिचारे. खिडकीवरचं कापड ओढून घेतलं. तुम्ही फारच थरथरायला लागलात, म्हणून धीर द्यायला गेले."

"धीर? मी मेलो असतो!"

"भाऊजींना तीन दिवस एका कानानं ऐकू येत नाहीये," बायको म्हणाली. "तरी ते काही बोलले नाहीत."

बघा! इथेही मोठेपणा त्यांचाच!

मी जाहीर केलं, की चित्रपट रद्द. पण दुसऱ्याच दिवशी ते सगळं चित्रीकरण ताईच्या पर्समधून साडूंच्या दवाखान्यात पोचलं. साडूंनी आठवडाभर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्याची काटछाट केली आणि फोन केला. "भाऊ, रागावू नका. मी थोडं जोडून पाहिलं. तुम्ही एकदा बघाच. तुमची परवानगी नसेल तर मी पुसून टाकतो."

मी पुसून टाका म्हणणारच होतो. पण बघितलं. आणि काय सांगू, त्यात मी होतो! पाय नाही, अख्खा मी. जिना चढणारा, कंपनीचं नाव सांगणारा, हवेतून उतरणारा. पडद्यावर माझ्याइतकं घाबरलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी कॅमेरा माझ्या हातातून पडतो आणि तिरक्या चौकटीत साहेब झुडपात बसलेले दिसतात. चित्रपटात त्यांना दाखवायच्या परवानगीवर साहेब सही करतील का, ही धास्ती होती. पण साहेबांचा मूड तोवर बदलला होता. ते गिऱ्हाईक परत आलं होतं! त्या यजमानांनी साहेबांना सरळ विचारलं, "घर झपाटलेलं आहे हे नातेवाइकांना सांगायला चालेल ना? मग घेतो. आमच्याकडे आलेला पाहुणा महिना महिना हलत नाही." घर गेलं, माझं टेबल राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी तीनशे माणसं होती. माझी किंकाळी सुरू झाली तेव्हा दोन खुर्च्या उलटल्या. टाचणीच्या संवादाला टाळ्या पडल्या, तर तिनं उभं राहून तो पुन्हा म्हणून दाखवला. आणि मग निकाल. उत्कृष्ट अभिनय... मी!

मी मंचावर कसा पोचलो ते मला आठवत नाही. परीक्षक म्हणजे एक नाटकातल्या ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माईकवर म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी नट पाहतेय. पण इतकी अस्सल भीती कुणी अंगात आणलेली पाहिली नाही. कशी हो आणलीत?"

समोर तीनशे माणसं. पहिल्या रांगेत सासूबाई, ताई, बायको आणि साडू. साडू कान पुढे करून ऐकत होते. मी डोकं खाजवलं. 'खरोखरच घाबरलो होतो' म्हणावं, तर अभिनय गेला. बक्षीस बहुतेक तिथल्या तिथे काढून घेतलं असतं आणि सासरी जन्मभर भित्रा म्हणून नाव. अभिनय केला म्हणावं, तर तो कुणीतरी करवून घ्यायला हवा. मी दिग्दर्शकही आणि घाबरणाराही, हे कसं जमावं? बाई वाट बघत होत्या. माईक माझ्या तोंडाशी होता. आणि माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात, स्पष्ट शब्द बाहेर पडले.

"साडूंनी करून घेतलं."

सभागृह उसळलं! साडूंना मंचावर बोलावलं. ते आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी, सवयीनं, पुन्हा एकदा दचकलो. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

खाली बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती. डोळ्यांत पाणी आणून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होती. त्या कुणासाठी होत्या, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. 'दोघांसाठी' असं उत्तर आलं, तरी मला रात्रभर झोप लागायची नाही!